"त्याला हिचं नावही माहीत नाही!"

"दिवसभर ती कोरियन पोरं! त्याला हिचं नावही माहीत नाही, तरी ही त्याच्यासाठी रडते." मी समुपदेशक, दर महिन्याला एखादी तरी आई मला हे ऐकवतेच. ही गोष्ट के-पॉपची, म्हणजे कोरियन पॉप गाण्यांची, चाहती असलेल्या अकरावीतल्या एका मुलीची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आईचं बोलून झाल्यावर मुलगी पुटपुटली, "माहितीये मला. मी वेडी नाहीये."

बहुतेक चाहत्यांना ते ठाऊक असतंच. टीव्हीवरच्या माणसांशी जडणाऱ्या या एकतर्फी जवळिकीबद्दल हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय. के-पॉपवाल्यांनी तिची नीट व्यवस्था लावली, एवढंच. 'बबल' ॲपवर कलाकार सगळ्यांना एकच मेसेज टाकतो. नावाच्या जागी तो खूण ठेवतो आणि प्रत्येकीच्या फोनवर तिथे तिचंच नाव उमटतं.

तिसऱ्या भेटीत तिला असा एखादा मेसेज दाखवायला सांगितलं. मजकूर एवढाच: जेवलीस का? कोरियातही ही साधी विचारपूस, आपल्यासारखीच.

"घरी काय विचारतात?"

बराच वेळ गप्प. मग, "किती पडले."

पर्सच्या बंदाशी चाललेला आईचा चाळा थांबला. मीही घाई केली नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हातचं जातं.

ती रात्री दोनपर्यंत फोन घेऊन जागायची. त्या जागरणाचं कारण मात्र गायक नव्हते, वेगळंच निघालं. कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथला रात्री दहाचा लाइव्ह इथे साडेसहालाच. मग रात्री दोन वाजता फोन कशाला? चाहत्यांच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी मेक्सिकोच्या, त्यांची तेव्हा दुपार. त्यांच्यात ही सबटायटल तपासायची. वर्गात कुणाच्या खिजगणतीत नसलेली मुलगी तिथे कामाची होती. म्हणून सांगते, फोन काढून घेतलात तर गायक दुरावत नाही, मैत्रिणी दुरावतात. "कोण आवडतो?"पेक्षा "ग्रुपमध्ये तू काय करतेस?" हे विचारा.

फोन रात्री साडेअकराला हॉलमध्ये ठेवायचा असं ठरलं, हे तिनेच ग्रुपला कळवलं. खर्चाचंही ठरलं: नव्या रिलीजला एकच अल्बम. आत एखाद्या गायकाचा फोटो असलेलं छोटं फोटोकार्ड असतं. ते कुणाचं, हे पाकीट फोडल्यावरच कळतं. गाणाऱ्यांचा ग्रुप सात जणांचा असेल, तर आवडत्या गायकाचं कार्ड मिळायची शक्यता साधारण सातात एक, म्हणून मुली अल्बमवर अल्बम घेत सुटतात. आवडतं कार्ड अदलाबदलीत मिळवायचं. आवडत्या गायकाचं कुणाशी जमल्याची बातमी आली आणि दोन दिवस रडली, तर रडू द्या. दोन आठवडे जेवण-कॉलेज सुटलं, उसनवारी सुरू झाली, तर थांबू नका, तज्ज्ञाला दाखवा. जिवाचं बरंवाईट बोलली, तर त्याच दिवशी.

पुढच्या भेटीत आईने स्वतःचा फोन पुढे केला. तिने दुपारी मुलीला पाठवलेलं: 'जेवलीस का?'

खाली उत्तर: 'बबलवरून ढापलंस ना? हो, जेवले.'