पावागड सहज चढतो. मग केरळातलं अगस्त्यकूडम जमेल का, आणि शिखर नक्की गाठता येतं का?

पावागडावरून अंदाज बांधू नका. तिथे माचीपासून पायऱ्या आहेत. अगस्त्यकूडमला बोनाकाडपासून शिखरापर्यंत वीसेक किलोमीटर नुसतं रान, मध्ये अतिरुमलाला मुक्काम. उंची १,८६८ मीटर, पण दमवते ती उंची नाही, दमवतं ते ओलं जंगल.

मी २०२० च्या जानेवारीत गेले. न्यायालयाच्या निकालामुळे आदल्याच वर्षी बायकांना शिखराची वाट खुली झाली होती आणि संरक्षण खात्यातल्या अधिकारी धन्या सनल वर जाऊन आल्या होत्या. बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघताना अख्खं घर पोचवायला आलं होतं.

वाटाडे तिथले काणी आदिवासी. १९८७ मध्ये हेच लोक कुठलंसं फळ चघळत न थकता चालतात, हे सोबतच्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं आणि आरोग्यपच्चा ही वनस्पती जगाला कळली. आमचा वाटाडा पन्नाशीचा, मितभाषी. अतिरुमलाच्या वर बारीक बांबूच्या बनात तो एकदम थांबला. वाटेत हत्तीची लीद होती. त्याने हाताची पाठ तिच्याजवळ नेली. शेजारच्या मोडलेल्या कांड्यातून अजून पाणी ठिबकत होतं. त्याने आम्हाला नुसता तळहात दाखवला. पाऊण तास आम्ही जागचे हललो नाही, जळवा मोज्यांवर चढत होत्या. तेवढ्यात ढग उतरला. शेवटचे कातळ दोर धरून चढायचे असतात आणि ते भिजले होते. त्याने मान हलवली, आम्ही परत फिरलो.

तेव्हापासून घरात पंगत बसली की भाऊजी म्हणतात, "वहिनी अर्धा डोंगर चढून आल्या." सह्याद्रीतले किल्ले केलेत त्यांनी, मान्य. पण किल्ल्यावर वाट चुकली तर खालचं गाव दिसतं. इथे दहा पावलांपुढचं दिसत नाही. ज्याचा जन्म त्या रानात गेला, त्याचं ऐकायचं नाही तर कोणाचं ऐकायचं? मी फिरले ते बरोबरच केलं.

तेव्हा शिखराची खात्री धरून जायचं असेल तर जाऊच नका.

तुमचं वय लिहिलेलं नाही. गुडघे कुरकुरत असतील तर आधी दोन महिने माचीपासून वर पायीच जा, रोपवे नको. वनखात्याची नोंदणी जानेवारी-फेब्रुवारीच्या मोसमापुरतीच असते, जागा पटापट भरतात. मोजे लांब घ्या, तीन जोड. अतिरुमलाला रात्री गरम पेज मिळाली होती, तरी सुखडी बरोबर असू द्या.