सहा दिवसांपूर्वी खोडलेले स्वगत

तुमचा प्रश्न असा आहे : एडिटर बंद करून दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडली तर आदल्या दिवशीचा अनडू (केलेले बदल मागे घेण्याची सोय) मिळतो का, आणि फाइल दुसऱ्या संगणकावर नेली तर तो तिथे चालतो का?

मिळतो. मी विम हा मजकूर लिहिण्याचा एडिटर वापरतो आणि विममध्ये ही सोय 2010 साली आलेल्या 7.3 या आवृत्तीपासून आहे. तरीही ‘सेव्ह करून बंद केले की मागचे सगळे गेले’ असे ठामपणे सांगणारी माणसे मला आजही भेटतात, आणि त्यांतले एक आमच्या घरचेच आहेत.

आमचे गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आहे. देवळाच्या जत्रेला गावातलीच मंडळी नाटक करतात आणि त्या वर्षीची संहिता माझ्या काकांनी फार पूर्वी लिहिलेली होती. वही पावसाळ्यात भिजून पाने एकमेकांना चिकटलेली होती. मी एकेक पान सोडवत ती टंकून काढली आणि त्या सोडवण्यातच वहीचा लगदा झाला. म्हणजे संहितेची प्रत जगात एकच, माझ्या लॅपटॉपवर. तालमी सुरू झाल्यावर दिग्दर्शकांनी दुसऱ्या अंकातले साडेतीन पानांचे स्वगत लांबते म्हणून काढायला सांगितले. मी रागारागाने ते काढले, सेव्ह केले आणि लॅपटॉप मिटला. पुढचे पाच दिवस त्याच फाइलीत तिसऱ्या अंकाची डागडुजी, पात्रांची नावे, प्रवेशांचे क्रमांक असे शेकडो बदल होत राहिले. सातव्या दिवशी, ते स्वगत ज्याच्या तोंडी होते तो नट तालमीला आलाच नाही. ‘स्वगत नसेल तर भूमिका दुसऱ्या कुणालाही द्या’ एवढा निरोप मात्र आला. दिग्दर्शक माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “ते परत घाला.”

आमचे भावोजी तिथेच खुर्ची टाकून बसले होते. ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत. “गिट वापरले असतेस तर ही पाळी आली नसती. आता बस आठवून लिहीत,” असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. (गिट म्हणजे फाइलींच्या जुन्या प्रती टप्प्याटप्प्याने जपून ठेवणारी प्रणाली.)

मी फाइल उघडली आणि यू, म्हणजे विममधली अनडूची कळ, दाबली. एडिटरने नुसता टुंग आवाज केला, कारण कळफलक इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर राहिला होता आणि यूच्या जागी ‘ह’ जात होता. मंडळी हसली. कळफलक इंग्रजीवर आणून मी एकेक पायरी मागे जाण्याऐवजी सरळ ‘अर्लियर 6डी’ ही आज्ञा दिली. यातला डी दिवसांचा. तिसऱ्या अंकाची डागडुजी नाहीशी झाली, पात्रांची जुनी नावे परत आली आणि दुसऱ्या अंकात ते स्वगत माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट जागच्या जागी उभे राहिले. मी ते कॉपी केले, एक अक्षरही न टंकता ‘लेटर 10डी’ म्हणून आजच्या मजकुरावर आलो (दिवस जास्त सांगितले तरी विम शेवटच्या स्थितीवर थांबतो) आणि ते पेस्ट केले. चुकून काही टंकले गेले असते तरीही बिघडले नसते, कारण विमचा अनडू 2006 पासून झाडासारखा फांद्या ठेवतो. नवीन बदल केला म्हणून जुनी फांदी मरत नाही.

यासाठी विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलीत, ‘सेट अनडूफाइल’ एवढी एक ओळ पुरते. मात्र तेवढ्यावर थांबलात तर प्रत्येक फाइलीशेजारी बदलांचा इतिहास ठेवणारी एक लपलेली अनडूफाइल साचत जाते. म्हणून ‘अनडूडिर’ या सेटिंगला एक वेगळा फोल्डर द्यावा. तो विममध्ये स्वतः तयार करावा लागतो, निओविम (विमवरूनच निघालेला एडिटर) आपला आपण करतो. स्वॅप फाइल ही निराळी चीज आहे. ती वीज गेल्यावर न सेव्ह झालेले वाचवते, खोडलेले परत देत नाही. तुमचा एडिटर कोणता ते तुम्ही लिहिलेले नाही. ईमॅक्स या एडिटरला यासाठी अनडू-फू-सेशनसारखे पॅकेज बसवावे लागते. व्हीएस कोड 2022 पासून सेव्ह केलेल्या जुन्या प्रती टाइमलाइनमध्ये दाखवतो, पण त्या प्रती आहेत, त्याला अनडू म्हणता येत नाही.

आता गिटविषयी. गिट तेवढेच जपते जेवढे जपायचे असे आपण ठरवतो; रागात साडेतीन पाने खोडणारा माणूस आधी कमिट करायला, म्हणजे गिटमध्ये प्रत नोंदवायला, थांबत नाही. भावोजी स्वतः दर चतुर्थीला माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या) सामानाची यादी नोटपॅडमध्ये करतात. एका वर्षी तिच्यातली निम्मी नावे पुसून सेव्ह झाली, तेव्हा ते आमच्या आईला फोन करून एकेक फळ विचारत होते. त्या दिवशी गिट कुठे होते, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही. इथे विचारून ठेवतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. विम मूळ मांडणीत 1000 बदलच ठेवतो, मी ती मर्यादा वाढवून घेतली आहे. अनडूफाइली तो कधीही आपणहून काढून टाकत नाही, आणि तुम्ही खोडलेला पासवर्डही त्यांत तसाच पडून असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजकूर एका अक्षरानेही विमबाहेर बदलला असेल तर विम जुना इतिहास नाकारतो. जत्रेनंतर माझ्या भाच्याने तीच संहिता दुसऱ्या एका एडिटरमध्ये उघडून एक अनुस्वार दिला, मी फाइल उघडताना आलेली सूचना न वाचता पुढे गेलो आणि सेव्ह करताच जुन्या अनडूफाइलीवर नवी लिहिली गेली. गिटमध्ये अनुस्वाराआधीची प्रत असती तरीही जुना अनडू परत मिळवायला त्या वेळी उपयोग झाला नसता, असे मी भावोजींना सांगितले. पण अनडूफाइल आधी बाजूला काढून ठेवली असती तर झाला असता, हे सांगितले नाही.

दुसऱ्या संगणकाचे उत्तर यातच आहे : मजकूर तंतोतंत तोच हवा आणि अनडूफाइलही सोबत न्यायला हवी. अनडूडिर ठेवला असेल तर अनडूफाइलीच्या नावात मूळ फाइलीचा पूर्ण मार्ग असतो, तिरक्या रेघांच्या जागी टक्क्याची चिन्हे घालून. त्यामुळे तिकडे फोल्डरचे नाव वेगळे असले की विमला ती सापडत नाही. अशा वेळी इकडे ‘डब्ल्यूअनडू’ या आज्ञेने आपल्याला हव्या त्या नावाने इतिहास लिहून घ्यावा आणि तिकडे ‘आरअनडू’ने तो वाचावा.