सगळ्यांचं करते, तरी कुणाचंच नीट होत नाही असं वाटतं

आई-वडिलांचं बघू, मुलांचं बघू की नातवंडांचं? पन्नाशी ओलांडलेल्या बायका (हल्ली पुरुषसुद्धा) हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला इतक्या वेळा येतात की आता मी पहिल्याच भेटीत विचारते, कुणी काय करायचं हे तुमच्या घरात कधी ठरलं? बहुतेकांचं उत्तर एकच, ठरलं असं नाही, होत गेलं.

अशाच एक ताई आल्या होत्या, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय 56, वडिलांना पार्किन्सन (कंपवात), मुलीचं दोन वर्षांचं बाळ दिवसभर यांच्याकडे, घरातच लॅपटॉपवर काम करणारा मुलगा, आणि दुसऱ्या शहरात भाऊ जो रोज फोन करून "बाबांकडे नीट लक्ष दे" एवढं सांगतो. सगळ्यांचं नीट व्हावं म्हणून त्यांनी नोकरी सोडली होती, आणि तेव्हापासून तर सगळे त्यांना रिकामंच धरायला लागले.

मी त्यांना झारिट बर्डन इंटरव्ह्यू भरायला दिला, म्हणजे आजारी माणसाचं करणाऱ्यावर किती ताण आहे हे बघायची प्रश्नावली. त्यात 22 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 मार्क, जास्तीत जास्त 88. खरं सांगायचं तर टोटलपेक्षा पेन कुठे अडतं तेच मी बघते. त्यांचं अडलं ते, हे सगळं दुसऱ्या कुणावर सोपवावं असं वाटतं का, या प्रश्नावर. आधी 0 ला गोल केला, मग तो खोडून 3 ला, आणि मग रडायलाच लागल्या, म्हणे पोटची पोरगी असून माझ्या मनात असं येतंच कसं. थकलेल्या माणसाच्या मनात असं येतंच हो, हे सांगितलं मी, पण नुसत्या सांगण्याने गिल्ट जात नाही.

म्हणून त्यांना आठवडाभराची कामं लिहून आणायला लावली, आणि प्रत्येक कामापुढे, हे मीच का? बऱ्याच ठिकाणी उत्तर होतं "बाबांना दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही". मी म्हटलं, बाबांना विचारलंत? तर नाही. पार्किन्सनमध्ये चेहऱ्यावरचे हावभाव कमी होतात, त्यामुळे माणूस नाराज आहे असं घरच्यांना उगाच वाटत राहतं, आणि यांनी तर तो चेहरा बघूनच सगळं ठरवून टाकलेलं. विचारल्यावर बाबा हळू आवाजात म्हणाले, मला तुझ्याकडून आंघोळ करून घ्यायची लाज वाटते गं, एखादा माणूस ठेव. कित्येक महिने दोघंही एकमेकांसाठी सहन करत होते!

माणूस आला सकाळपुरता, पैसे भावाने द्यायचे ठरलं. तो आधी कुरकुरला, पण ताईंनी महिन्याच्या खर्चाचा कागदच पाठवल्यावर गप्प बसला. पार्किन्सनच्या गोळ्या वेळेवरच जाव्या लागतात, उशीर झाला की अंग आखडतं, ते काम मुलाकडे गेलं. त्याने फोनला अलार्म लावले आणि हे तो आईपेक्षा चोख करतो, हे त्यांनीच मला हसत सांगितलं.

अवघड गेलं ते मुलीशी बोलणं. माझं मत विचाराल तर नातवंडं सांभाळणं हा आजीवरचा कायमचा हक्क नाही, पण आधी सवय लावून मग एकदम हात वर केले तर मुलीला ते लागणारच. तिला आधी दोन महिन्यांची मुदत दिली, त्यानंतर आठवड्यातले तीन दिवस आजीचे, बाकीचं मुलगी-जावयाने बघायचं. मुलगी रुसली, मधे नीट बोलत नव्हती. आता पाळणाघर लावलंय, बोलणंही सुरू आहे पण जरा तुटकच. ताईंना त्याचा त्रास होतो, पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचंय.