दिल्लीच्या त्या कॉलेजात बारावीनंतर जाता येत नाही

लालबागच्या ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी अकरावी आर्ट्‌सला आहे, तिला दिल्लीच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजात शिकायचंय आणि त्यासाठी आत्ताच सायन्सला बदली घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

त्या कॉलेजला प्रवेश परीक्षा नाही, फीसुद्धा नाही. सरकारच आपले निवडक अधिकारी तिथे पाठवतं, तेही वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर. स्वातंत्र्यानंतर आपले वरिष्ठ अधिकारी अशा शिक्षणासाठी लंडनच्या इम्पीरियल डिफेन्स कॉलेजात जात. साम्राज्य सांभाळायला काढलेल्या संस्थेत आपल्या सीमांचा आणि आपल्या गरिबीचा विचार कोण शिकवणार? म्हणून त्याच धर्तीवर, पण आपलं स्वतःचं कॉलेज १९६० साली दिल्लीत सुरू झालं. उद्‌घाटन पंडित नेहरूंनी केलं. तिथे ब्रिगेडियर, कमोडोर अशा सेनादलांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शेजारी आयएएस, आयपीएस, परराष्ट्र सेवेतले अधिकारी आणि मित्रदेशांचे पाहुणे अधिकारी जवळजवळ वर्षभर एकत्र शिकतात. अर्थव्यवस्था, शेजारी देश, तंत्रज्ञान हे सगळं तिथे संरक्षणाचाच भाग म्हणून अभ्यासलं जातं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, आणि तुमच्या मुलीच्या दृष्टीने तर हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या वर्गात पोचायला फक्त वर्दीचाच रस्ता नाही.

तिला इतिहास-भूगोल आवडतो म्हणता, मग घाईने सायन्स नको. बारावीनंतर सेनादलांचे अधिकारी घडवणारी एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आहे; तिच्या भूदल शाखेला कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल किंवा हवाईदल हवं असेल तरच फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. तिचं मन जहाजांवर असेल, तर मात्र बदलीचं याच आठवड्यात कॉलेजात विचारा. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली आहे. परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. ते नाही जमलं, तर पदवीनंतर सेनादलात अधिकारी होण्यासाठीची सीडीएस परीक्षा आहे, नागरी सेवा आहे.

अडचण एकच दिसते, गणित. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात, आर्ट्‌सच्या मुलांनाही त्यातून सूट नाही. यूपीएससीच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. क्लासचे पैसे भरण्याआधी त्यातली एक तिला रविवारी घड्याळ लावून अडीच तास सोडवू द्या. किती प्रश्न जमले आणि कुठे अडलं ते मला कळवा, म्हणजे क्लास लावायचा की घरीच अभ्यास करायचा ते ठरवू.