खेड्यातली मुलगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होऊ शकते का?

तुम्ही विचारलंय, मराठी शाळेत शिकलेल्या खेड्यातल्या मुलीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येतं का, आणि पुढे गावाकडे काम मिळतं का. दोन्हीचं उत्तर हो. माझंच सांगते.

माझं गाव पांढरकवड्याकडचं. घरी कोरडवाहू सहा एकर, कापूस नि तूर. यवतमाळला बी.ए., नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. एम.ए. झालं की झालं, असं मलाही वाटायचं. पण नाही. त्यापुढे रांचीला, मनोरुग्णालयातच दोन वर्षांचं एम.फिल. केलं. जागा मोजक्या, प्रवेशाचा पेपर इंग्रजीत. पहिल्या खेपेला आपटलेच. मग या कामाची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेत माझी नोंदणी झाली. आता अभ्यासक्रम बदलतायत, तेव्हा फी भरण्याआधी परिषदेची मान्यता बघा.

काम जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मिळालं, कंत्राटी. गोळ्या मी लिहीत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम, हे सांगून थकले. एक आजी म्हणाली, "सुई नाई, गोळी नाई, नुस्तं बोलाचा पगार भेटते का जी तुले?"

पहिल्याच वर्षी पन्नाशीचे एक काका डोकं दुखतं म्हणून आले. नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म असतो, एकूण गुण २७. मी तो पुस्तकी मराठीत वाचून दाखवला. "निराश वाटतं?" "नाई जी." "कशात रस वाटत नाही, असं होतं?" "नाई जी." बेरीज ४, म्हणजे फॉर्मच्या हिशोबाने नैराश्य जवळपास नाहीच. ते उठले, तेव्हा मी सहज विचारलं, "काका, यंदा वावरात काय लावलं?"

ते परत बसले. "काईच नाई लावलं."

जुलै संपत आला होता, पाऊस वेळेवर झाला होता. माझ्या बापाने दुबार पेरणीसाठी उसनवारी केली, पण वावर पडीत ठेवलं नाही. ते ऐकून मी फॉर्म बाजूला सारला नि सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात येतं का? फवारणीचं औषध घरात कुठे असतं? बराच वेळ ते खुर्चीचं फाटकं रेक्झिन सोलत राहिले. मग म्हणाले, "खाटेखाली."

मुलाला फोन करून आधी ते डबे घराबाहेर काढायला लावले. तो येईपर्यंत काकांना एकटं सोडलं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. (तुमच्या घरात असं कुणी असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.)

तुमची इंग्रजी कच्ची असेल तर पक्की करा, परीक्षेपुरती लागतेच. वऱ्हाडी मात्र मोडू देऊ नका. मी रांचीहून आले तेव्हा माझी मोडली होती.