पहिला पाट करण्याआधी

सुतारकाम शिकायचं म्हणून मशिनांची यादी केली असेल, तर ती सध्या बाजूला ठेवा. राउटर (लाकडात खाचा पाडणारं मशीन), टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) सगळं नंतर. करवत, पाऊण इंची पटाशी (लाकूड तासायचं धारदार हत्यार), छोटा रंधा, काटकोन तपासायला गुण्या, टेप, ड्रिल आणि लाकूड घट्ट धरायला दोन सी-क्लॅम्प एवढ्यावर भरपूर काम होतं. वाचलेल्या पैशांत धार लावायचा चांगला दगड घ्या. दुकानातून आणलेल्या पटाशीला कामाची धार क्वचितच असते. आधी तिची पाठ दगडावर सपाट घासा, मग उताराची बाजू, साधारण २५ अंशांत. कागदाची कड सर्रकन कापली गेली की झालं. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. दुसरा हात तिच्या पुढे कधीच नको!

नवशिक्यांच्या हमखास चुका:

- रेघेवरच कापणं. करवतीचं पातंही लाकूड खातं. टाकाऊ बाजूने कापा, रेघ शाबूत राहू द्या.
- आधी बारीक भोक न पाडता काठाजवळ स्क्रू पिळणं. फळी चिरते.
- पॉलिश पेपर लाकडातल्या रेषांना आडवा घासणं. ओरखडे पॉलिशनंतर उठून दिसतात.

सुरुवातीला पाटच करा, पॅकिंगच्या पाइनचा. सागाची नासाडी कशाला? खालच्या आडव्या पट्ट्यांना फेव्हिकॉल फक्त मधोमध लावा, टोकाच्या स्क्रूंसाठी पट्टीतली भोकं किंचित सैल ठेवा. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. सगळीकडून जखडली तर तडकते.

सांध्यांचे प्रकार पाट डुगडुगायचा थांबला की विचारा.