आजीवर पुस्तिका काढायची, पण लिहायचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. आमची आजी, आम्ही तिला मायच म्हणायचो, मागच्या महिन्यात गेली. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९३८ आहे पण ती स्वतःच म्हणायची का मी त्याहून मोठी आहे, बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा तुझे मोठे बाबा (माझे थोरले काका) माझ्या कडेवर होते. नागपुरात इंदोऱ्यात तिला सगळे ओळखतात. दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी पाणी आणि जेवण, वस्तीतल्या बायांची भिशी आणि मग बचत गट, रात्री कोणाला कळा सुरू झाल्या का ऑटो करून डागा दवाखान्यात नेणं, हे सगळं तिनं केलं, शाळा दुसरीपर्यंत पण नाही. वर्षाच्या कार्यक्रमात वाटायला छोटी पुस्तिका काढायची आहे. काका म्हणतात एक फोटो टाका, खाली ममतेचा सागर लिहा, झालं. माझ्याकडे तिची हिशोबाची वही आहे, कोणाला किती पैसे दिले ते सगळं त्यात आहे. ते छापू का? आणि तारखा कुठून आणू? – एक नात, इंदोरा

उत्तर : काकांना सांग, ममतेचा सागर नागपुरात दर चौकाच्या फ्लेक्सवर आहे, त्यात तुझी माय कोणती ते कोणाला कळणार. गुण लिहूच नको, काम लिही. पाणी भरायची म्हणजे ड्रम कोणाकडून यायचे, रात्री मसालेभाताचा कांदा कोण चिरायचं, बचत गटात पैसे बुडवणाऱ्या बाईला ती काय म्हणायची. हे सगळं तिच्यासोबत काम केलेल्या बायांना माहीत असणार, आणि त्या पण आता सत्तरी-ऐंशीच्याच असतील म्हणून पुस्तिकेचं डिझाइन वगैरे राहू दे बाजूला, पहिले त्यांच्याकडे जा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव, त्यांना विचारून लाव. माय कशी होती असं विचारशील तर सगळ्या म्हणतील लय चांगली होती, आणि तिथंच गोष्ट संपते. पहिल्यांदा कुठं भेटल्या, कशावरून भांडल्या, डागाला जाताना ऑटोचे पैसे कोण द्यायचं, असं विचार. भांडणाचा विषय निघाला का बाया मोकळ्या होतात नं, मग बाकीचं आपोआप येतं.

तारखांचं म्हणशील तर आधारवरच्या १ जानेवारीवर भरवसा ठेवू नको. जुन्या माणसांकडे जन्माचा कागद नसला का वर्ष अंदाजानं लागतं आणि तारीख १ जानेवारी पडते. मोठे बाबा कडेवर होते हा जास्त पक्का पुरावा आहे, कारण तो दिवस १४ ऑक्टोबर १९५६, त्या वर्षीचा दसरा, म्हणजे ते तेव्हा वर्ष-दोन वर्षांचे. त्यांचा शाळेचा दाखला बघ, पण तोही जपून बघ, त्या काळात नाव घालताना मास्तर जून-जुलैतली कोणतीही तारीख ठोकून द्यायचे. अजून एक युक्ती सांगते, मायनं पहिलं मत कधी दिलं ते तिच्या जावेला नाहीतर धाकट्या बहिणीला विचार. १९८९ पर्यंत मताला २१ वर्षं पूर्ण लागायची, तर १९५७ च्या निवडणुकीत तिनं मत दिलं असेल तर जन्म १९३६ च्या आधीचा. एवढं करूनही नक्की जमलं नाही तर सरळ ‘१९३५ च्या आसपास’ छाप, खोटी पक्की तारीख छापण्यापेक्षा ते बरं.

फोटो पण बोलतात. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलच्या फोटोत मागं स्तूप नसेल किंवा अर्धवट बांधलेला असेल तर तो जुना, कारण स्तूपाचं लोकार्पण डिसेंबर २००१ मधलं. आणि मायच्या आईबद्दल कोणाला काही आठवतं का तेही विचारून ठेव. जुलै १९४२ मध्ये इथंच मोहन पार्कात दलित वर्गाची परिषद झाली, तिच्यासोबत महिलांची परिषद पण झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब बोलले. नागपुरातल्या बाया तेव्हापासून मीटिंगला जाऊन राहिल्या आहेत. तुझी पणजी तिथं गेली होती असं कोणी सांगितलं तरच लिही हं, शोभतं म्हणून तिला नेऊन बसवू नको.

आता वही. नावं अजिबात छापू नको. ज्या बाईनं कधीकाळी पोराच्या फीसाठी पैसे मागितले असतील तिचा तो पोरगा आज कुठं साहेब असेल, कार्यक्रमात समोर बसला असेल, त्याच्या आईचं कर्ज त्यानं पुस्तिकेत वाचायचं का? एका पानाचा फोटो घे, नावं झाकून टाक, रकमा आणि मायचं अक्षर तेवढं दिसू दे. दुसरी न शिकलेली बाई हिशोब कसा ठेवायची हे त्या एका पानातून कळेल, वर काही लिहायची गरज नाही. आणि त्या वहीतली जुनी वसुली घरातलं कोणी काढणार नाही एवढं बघ, काकांसकट.

तिचा राग, तिचा हट्ट, कोणाशी तरी दहा वर्षं न बोलणं असलं काही असेल तर तेही थोडं येऊ दे. त्या माणसाचं नाव नको फक्त. निव्वळ देवमाणूस छापलं तर तिच्या मैत्रिणीच हसतील.

प्रश्न : आमच्या आजी कित्येक वर्षं मातृसेवा संघात स्वयंसेविका म्हणून जायच्या. त्यांच्या पेटीत कृष्णधवल फोटो निघाले, बरेच एकमेकांना चिकटलेत. लॅमिनेट करून घेऊ का? – महाल

उत्तर : लॅमिनेशन नको, एकदा केलं का फोटो त्यातून परत निघत नाही. चिकटलेले फोटो ओढू पण नका, जुन्या स्टुडिओवाल्याला दाखवा. बाकीचे ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा, बॉलपेन समोर उमटतो. चिकट पानांचे अल्बम टाळा. आणि उन्हाळ्यात ती पेटी कूलरच्या हवेत ठेवू नका बापा, आपल्याकडं घरात ओल येते ती तिथूनच.

मातृसेवा संघ, म्हणजे बायांच्या बाळंतपणासाठी काढलेली संस्था, १९२१ ची आहे, त्यामुळे ग्रुप फोटोत ती काढणाऱ्या कमलाताई होस्पेट असू शकतात. पण चेहरा अंदाजानं ओळखून नाव लिहू नका, संस्थेतल्या जुन्या कार्यकर्त्यांना आधी फोटो दाखवा. त्याच वेळी बाकीच्या बायांची नावंही विचारून घ्या. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांना कोणीतरी ओळखेलच, मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांची नावंच लवकर हरवतात. आणि स्कॅनची एक कॉपी संस्थेला द्या, ओरिजिनल घरी ठेवा.